कुणाच्या बहिणीला?

"कुणाच्या बहिणीला?" आईने विचारलं.

रात्रीचे साडेनऊ झाले होते. जेवणं उरकून मी टेबलाच्या एका कडेला लॅपटॉप उघडून बसले होते आणि दुसऱ्या कडेला आई लसूण सोलत होती. आईला वाचायची भयंकर सवय आहे. भेळेच्या पुडीचा कागद, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं, शेजाऱ्यांच्या दारात पडलेलं लग्नाचं आमंत्रण, काहीही वाचते. त्यामुळे स्क्रीनवर मराठी अक्षरं दिसताच तिची मान वळली. तिथे लिहिलं होतं, 'मुलाने त्याच्या बहिणीला आंबा दिला.' माझ्या प्रोग्रॅमने जुळवलेलं पहिलं धड वाक्य. दोन संध्याकाळी घालवल्यावर ते आलं होतं आणि मी स्वतःवर जाम खूश होते. मी म्हटलं, "कुणाच्या म्हणजे? त्याच्याच." "मग 'त्याच्या' कशाला? लोकांच्या बहिणींना आंबे वाटत फिरतोय का हा मुलगा?" असं म्हणून तिने लसणाची फोलपटं ताटलीच्या कडेला गोळा केली आणि आत निघून गेली. मी वाक्य पुन्हा वाचलं. व्याकरणाची चूक एकही नव्हती. तरी एकदा कानाला लागलेलं वाक्य पुन्हा सरळ ऐकू येईना.

हे सगळं गृहपाठापायी चाललं होतं. दिवसा मी बँकांच्या हिशेबांचा कोड लिहिते, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी हौस म्हणून संगणकीय भाषाशास्त्राचा एक संध्याकाळचा वर्ग लावला होता. सरावाची कल्पना साधी होती. इंग्रजी वाक्याचं डिपेंडन्सी ट्री, म्हणजे कुठला शब्द कुणावर अवलंबून आहे त्याचं झाड, तयार दिलेलं असतं. त्यावर लहान लहान प्रोग्रॅम चालवून त्याचं मराठी झाड करायचं. एकाने 'द' आणि 'अ' काढून टाकायचे, दुसऱ्याने क्रियापद उचलून शेवटी न्यायचं, तिसऱ्याने नामाच्या आधी आलेलं 'इन', 'टू', 'फ्रॉम' मागे ढकलून त्याचा प्रत्यय करायचा. आज असं भाषांतर कुणी करत नाही, हे मलाही माहीत आहे. २०१७पासून मराठीचंही यंत्रभाषांतर न्यूरल जाळ्यांवर, म्हणजे ढीगभर उदाहरणं पाहून आपोआप शिकणाऱ्या प्रोग्रॅमवर, गेलं, आणि ती जाळी झाडबीड काही न विचारता वाक्य बाहेर टाकतात. आमच्या सरांचं म्हणणं असं, की गाडी ऑटोमॅटिक असली तरी क्लच काय करतो ते एकदा पायाला कळलेलं बरं. मला ते पटलं. शिवाय दिवसभर कुणाच्या तरी खात्यातून कुणाच्या तरी खात्यात पैसे हलवल्यावर संध्याकाळी 'आंबा' हा शब्द इकडून तिकडे हलवायला बरं वाटायचं.

झाड म्हटलं तरी फाइलमध्ये ते झाडासारखं मुळीच दिसत नाही. एका ओळीत एक शब्द, आणि प्रत्येक ओळीत दहा रकाने. पहिल्यात शब्दाचा क्रमांक, दुसऱ्यात शब्द, तिसऱ्यात त्याचं मूळ रूप. सगळी गंमत सातव्या रकान्यात असते. तिथे फक्त एक आकडा, आपला मालक कितव्या क्रमांकावर आहे तो. आठव्यात त्या मालकाशी नातं काय. 'द बॉय गेव्ह हिज सिस्टर अ मँगो' या वाक्यात 'गेव्ह' हे मूळ, म्हणून त्याचा आकडा शून्य. 'बॉय', 'सिस्टर' आणि 'मँगो' या तिघांच्या पुढे ३, कारण 'गेव्ह' तिसरा शब्द. 'हिज'च्या पुढे ५, म्हणजे तो सिस्टरला लटकलेला. बस्स. सातव्या रकान्यातले आकडे बदलले की झाड बदलतं. मला पहिल्यांदा ते पाहून रेशनकार्डाची आठवण झाली होती: कुटुंबप्रमुखाचं नाव एकदा, बाकी सगळ्यांपुढे 'नाते'.

आणि खरं सांगायचं तर आठवीतल्या व्याकरणाच्या तासाची. वाक्यपृथक्करण! पट्टीने आखलेला तक्ता, उद्देश्य, उद्देश्यविस्तार, कर्म, कर्मविस्तार, विधेयविस्तार, विधेय. आमच्या बाई फळ्यावर वाक्य लिहायच्या आणि क्रियापदाखाली दोनदा रेघ मारायच्या. "आधी याला धरा. मग याला प्रश्न विचारा. देणारा कोण? काय दिलं? कुणाला?" उत्तरं आपापल्या खणात जाऊन बसायची. तेव्हा हा प्रकार इतका निरर्थक वाटायचा की मी समासात फुलं काढत बसायचे. तीस वर्षांनी कळलं, की क्रियापदाला मधोमध बसवून बाकीच्यांना त्याच्याभोवती उभं करायची हीच रीत तेन्येर नावाच्या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने आकृत्या काढून मांडली. त्याचं पुस्तक १९५९मध्ये, तो गेल्यावर पाच वर्षांनी, छापून आलं. आणि त्याच्या कितीतरी शतकं आधी पाणिनीने कारकं, म्हणजे नामांची क्रियेशी असलेली नाती, सांगताना क्रियेलाच केंद्रात ठेवलं होतं. बाईंना हे ठाऊक असेल का? असेलही. आम्ही विचारलं नाही आणि परीक्षेत ते चार गुणांना होतं.

सरावातल्या चुका मात्र शाळेतल्या चुकांपेक्षा फार मजेशीर होत्या. नोड, म्हणजे झाडातला एक शब्द, डिलीट केला की त्याच्याखालची सगळी पोरंसोरं त्याच्याबरोबर जातात, हे मला असं कळलं: शब्दयोगी अव्यय काढून टाकायचा छोटासा कोड लिहिला आणि 'नदीजवळच्या घरात आई राहत होती' अशा अर्थाच्या वाक्यातून नदीही गेली आणि घरही गेलं. उरलं 'आई राहत होती'. कारण ते झाड जुन्या प्राग पद्धतीचं होतं. त्या पद्धतीत 'इन' हा मालक आणि 'हाउस' त्याच्या हाताखाली. आता सर्रास वापरात असलेल्या युनिव्हर्सल डिपेंडन्सीज पद्धतीत नेमकं उलटं, घर मालक आणि 'इन' त्याचा गडी. गडी काढला तर घर शाबूत राहतं. दुसरी गंमत आंब्याची. शब्दकोशात मी आंब्याच्या जागी कैरी घातली तर प्रोग्रॅम म्हणाला, 'मुलाने कैरी दिला'. मग क्रियापदाला शिकवावं लागलं, की बाबा रे, कर्त्याला 'ने' लागला असेल तर त्याच्याकडे बघू नकोस, कर्माकडे बघ. कर्मालाही 'ला' लागला असेल तर कुणाकडेच बघू नकोस, गुपचूप नपुंसकलिंगी हो: 'मुलाने बहिणीला बोलावलं'. आणि 'मी' किंवा 'तू' असेल तर 'ने' लावायचाच नाही. हे सगळं आपण दोन वर्षांचे असताना कुठल्या कोडशिवाय शिकलो, याचं मला त्या आठवड्यात फार नवल वाटत होतं.

पण 'त्याच्या'चं काय?

सरांना विचारलं तर ते हसले आणि म्हणाले, "चेकवाल्यांना विचार." प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात इंग्रजीतून चेकमध्ये असं झाडावरून भाषांतर करायची मोठी यंत्रणा बांधलेली आहे, आधीचं नाव टेक्टोएमटी, नंतरचं ट्रीएक्स. पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेले कितीतरी छोटे ब्लॉक, म्हणजे कोडचे तुकडे, एकामागून एक झाडावरून फिरतात. चेक भाषेत 'पेत्रने आपलं घर विकलं' म्हणायचं तर 'स्वूय' हा शब्द लागतो. 'येहो', म्हणजे 'त्याचं', वापरला तर ते घर दुसऱ्याच कुणाचं तरी. इंग्रजीत मात्र दोन्हीकडे एकच 'हिज'. म्हणजे आईची शंका प्रागमध्येही निघतेच. त्यातही हा 'स्वूय' आपल्या 'स्व'चा सख्खा चुलतभाऊ, एकाच जुन्या मुळाचा. आमचा 'आपला' निघाला 'आत्मन्'पासून, प्राकृतातल्या 'अप्पा'वरून. इतक्या लांबच्या दोन भाषांना एकाच ठिकाणी एकच अडचण यावी, याचा मला उगाच आनंद झाला. मी तो आईला सांगितला. ती म्हणाली, "त्यांच्याकडे आंबे असतात का पण?"

तर नियम असा लिहिला. स्वामित्व दाखवणारं सर्वनाम सापडलं, की सातव्या रकान्यातले आकडे धरून वर चढत जायचं. पहिलं क्रियापद लागलं की थांबायचं. त्याच्या लेकरांतून कर्ता शोधायचा. कर्ता आणि सर्वनाम यांचं वचन जुळतंय का, 'हिज' असेल तर कर्ता पुरुष आहे का, ते पाहायचं. जुळलं तर 'त्याच्या' काढून 'आपल्या'. जेमतेम पंधरा ओळी. आणि त्या लिहिताना आणखी एक जुनी गोष्ट वर आली. शाळेत विभक्त्या पाठ करताना षष्ठीशी, चा-ची-चे-च्याशी, आम्ही अडखळायचो, कारण बाई म्हणायच्या, "षष्ठी हे कारक नाही. तिचा क्रियापदाशी संबंध नाही, नामाशी आहे." हैदराबादच्या ट्रिपलआयटीत पाणिनीच्या धर्तीवर हिंदीची झाडं उभी केली तेव्हा कर्त्याला 'के१', कर्माला 'के२', करणाला 'के३' अशी लेबलं दिली. षष्ठीला मात्र 'के६' नाही, वेगळंच 'आर६'. कारकांच्या पंगतीत तिचं पान नाही, तिला नुसतं नातं म्हणून बाहेर बसवलं. आणि गंमत बघा, या बाहेर बसलेल्या षष्ठीत 'त्याच्या' म्हणावं की 'आपल्या', हे ठरवायला मला क्रियापदापर्यंत चढून कर्त्याचीच गाठ घ्यावी लागत होती.

'मुलाने आपल्या बहिणीला आंबा दिला.' आईने मान डोलावली. मी लगेच पुढचं वाक्य घातलं, 'द बॉय अँड हिज सिस्टर वेंट टू द मार्केट'.

स्क्रीनवर आलं: 'मुलगा आणि आपली बहीण बाजारात गेले.'

"आपली बहीण?" आई म्हणाली, आणि पुढे काहीच बोलली नाही.

आता इथे थोडं सांगायला हवं. आईचं माहेर वाईचं. दोन बहिणी आणि एक भाऊ. आजोबा गेले तेव्हा मी अकरावीत होते. दिवस झाले आणि महिन्याभरात मामा हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन आला. आईने सही केली. तेव्हा सगळ्याच बहिणी करत. साडी मिळाली, मोरपंखी, अजून कपाटात आहे. मावशीने सही केली नाही. मग कोर्ट, तारखा, वकील, आणि मावशीचं ते एक वाक्य, की धाकटीने सही दिली नसती तर मला एकटीला भांडावं लागलं नसतं. त्या वाक्यानंतर दोघी बोलल्या नाहीत. लग्नकार्यात समोर आल्या तर एकमेकींच्या मुलांशी बोलायच्या. मी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, पण कानांनी काय घडलं ते या गृहपाठामुळे पहिल्यांदा लक्षात आलं. आधी आई म्हणायची, "उन्हाळ्यात आपल्या वाईला जाऊ", "आपल्या घरच्या विहिरीचं पाणी". सही झाल्यावर ते झालं "भाऊकडे". "भाऊकडे विहीर आहे." पुढे तर भाऊनेही ते घर विकलं. आता तिथे तीन मजली इमारत आहे आणि विहीर बुजवलेली आहे. मावशीचा उल्लेख ती नावाने करत नाही आणि नात्यानेही करत नाही. "ते कोल्हापूरचे," म्हणते. अनेकवचन, पुल्लिंग. झाडात जोडायला जागा नाही असा नोड.

मी घाईघाईने म्हटलं, "प्रोग्रॅमची चूक आहे." आणि खरोखरच होती. 'आपला' हा शब्द कर्त्याकडे बोट दाखवतो, पण तो स्वतःच कर्त्याच्या आत बसला असेल तर दाखवणार कुणाकडे? इथे 'हिज' चढतो 'सिस्टर'वर, सिस्टर लटकलेली 'बॉय'ला, आणि बॉय हाच कर्ता. म्हणजे वाटेतच कर्ता लागला. अशा वेळी 'त्याची' तसंच ठेवायला हवं होतं. ठेवलं नाही की 'आपली' वाक्यातून सुटते आणि थेट बोलणाऱ्याच्या घरात येते. चेकचा 'स्वूय' असं करत नाही. तो वाक्याच्या आतच फिरतो. मराठी 'आपला'ला घराबाहेरचा हा दुसरा संसार आहे, बोलणारा आणि ऐकणारा दोघांना कवेत घेणारा. 'आम्ही'त ऐकणारा नसतो, 'आपण'मध्ये असतो. तिसरा संसारही आहे, अतिआदराचा, 'आपण कुठून आलात?' आणि चौथा तर कुणाचाच नाही: "हा आपला बसलाय खिडकीत", "मी आपलं सहज विचारलं". या चौथ्या 'आपलं'ला कुठल्या मालकाला जोडायचं आणि आठव्या रकान्यात काय लिहायचं, यावर मी अर्धा रविवार घालवला. युनिव्हर्सल डिपेंडन्सीजमध्ये मराठीची जी पहिली ट्रीबँक, म्हणजे अशा झाडांचा संग्रह, झाली तिच्यात ४६६ वाक्यं आहेत. माझी आई तेवढी वाक्यं लसूण सोलताना बोलते आणि त्यातल्या निम्म्यांत एक तरी 'आपलं' असतं.

दुरुस्ती एका ओळीची होती: सर्वनाम कर्त्याच्या वंशजांत असेल तर हात लावू नकोस. मग आणखी दुरुस्त्या. 'मुलगा म्हणाला की आपण येणार नाही' यातला 'आपण' आतल्या क्रियापदाला जुमानतच नाही, उडी मारून बाहेरच्या मुलाला जाऊन भिडतो. त्यामुळे 'पहिलं क्रियापद लागलं की थांब' हा नियमही पुरा खरा नाही. आणि सगळ्यांत मोठी दुरुस्ती आईनेच सुचवली, भाजी निवडता निवडता. "आपल्या पण कशाला? 'मुलाने बहिणीला आंबा दिला' म्हण की. बहीण म्हटल्यावर त्याचीच." बरोबर होतं. नात्याची माणसं आणि हातपाय-डोळे यांच्याआधी मराठीत मालकाचं नाव लावायची गरज बहुतेक वेळा नसतेच. 'त्याने त्याचा हात त्याच्या खिशात घातला' असलं मराठी हल्ली डब केलेल्या मालिकांत, जाहिरातींत आणि भाषांतरित पुस्तकांत रोज कानावर पडतं. मला ते ऐकून अंगावर पाल पडल्यासारखं होतं. पण मीही परवा ऑफिसच्या मेलमध्ये 'प्रत्येकाने त्याचा पासवर्ड त्याच्या मॅनेजरला' असं लिहून मोकळी झाले होते, हे कबूल करायला हवं. म्हणून नोड बदलण्याऐवजी काढून टाकायचा ब्लॉक लिहिला. 'हिज'ला लेकरं नव्हती, त्यामुळे काढताना कुणी बरोबर गेलं नाही.

गृहपाठाबरोबर कसोटीची बारा वाक्यं द्यायची होती, आपली आपण रचून, प्रत्येकासमोर अपेक्षित उत्तर लिहून. आंबा, बाजार, खिसा, की-वालं वाक्य, सगळं झालं. कर्ता एकवचनी आणि सर्वनाम अनेकवचनी, म्हणजे वचन जुळत नाही आणि नियम लागू होऊ नये, असं एक वाक्य हवं होतं. मी टाइप केलं, 'द ब्रदर सोल्ड देअर हाउस'. हेच का सुचलं, कोण जाणे. शब्दकोशात घर होतंच, भाऊही होता, पलीकडे फार काही विचार केला नव्हता. भाऊ एक, 'देअर' अनेकांचं, जुळत नाही, 'आपलं' करायचं नाही. अपेक्षित उत्तर 'भावाने त्यांचं घर विकलं'. रन केलं. आलंही तेच.

आई दुधाचं पातेलं झाकून आली होती. चष्मा तिने कपाळावरून खाली घेतला आणि माझ्या खांद्यावरून बारा वाक्यं एकेक करून वाचली, ओठ हलवत, जशी ती पोथी वाचते. नवव्या वाक्यावर बोट ठेवलं. काचेला तिच्या बोटाची किंचित तेलकट खूण उमटली.

"हे चुकलंय."

"काय चुकलंय?"

"त्यांचं नव्हे. आपलं."

मी समजावायला तोंड उघडलं. की इथे 'आपलं' केलं तर ते घर भावाचं स्वतःचं होईल, एकट्याचं, आणि इंग्रजीत तर अनेकांचं म्हटलंय, म्हणून नियमाने... पण ती तोवर गॅलरीतले कपडे काढायला गेली होती. चिमटे डब्यात पडल्याचा आवाज येत होता, एक, मग दुसरा. मी नववी ओळ बराच वेळ बघत राहिले आणि अपेक्षित उत्तराच्या रकान्यात 'त्यांचं' होतं ते तसंच ठेवलं. बारापैकी बारा बरोबर, असं खाली हिरव्या अक्षरांत आलेलं होतं.